भूमची बाणगंगा विषुववृत्तापार

गोव्याचा किनारा सोडताना आमच्या बोटीवर डबल बेल झाली. एसटीने फिरलेल्या माणसाला तिचा अर्थ सांगायला नको. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. धुक्यात वाजवायला म्हणून बोटीवर एक छोटी पितळी घंटा असते. आण्णांनी तिची दोरी दोनदा ओढली, मांडवी जिथं समुद्राला मिळते तिकडं बघितलं आणि म्हणाले, "चला कप्तान. डबल झाली."

आण्णा म्हणजे माझे वडील. भूमच्या आगारात एसटीचे चालक होते. भूम-तुळजापूर रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ. उभ्या नोकरीत एकाही प्रवाशाला वाटेत उतरवलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. गाडी बंद पडली, टायर फुटला, ओढ्याला पाणी आलं, तरी उशिरा का होईना, गाडी मुक्कामाला नेलीच. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट यायची. आई आतून म्हणायची, "झालं का सुरू?"

मी प्रज्ञा, त्यांची थोरली मुलगी. पुण्याला शिकायला गेले, तिथं धरणाच्या पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकले, आणि पुढे चांगली नोकरी सोडून गोव्यात बोटी बांधणाऱ्या एका छोट्या कारखान्यात जाऊन बसले. माझं डोकं फिरल्याची तारीख आई तिथपासून धरते. सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी खपून मी तिथंच एक जुनी एकतीस फुटी बोट नीट केली आणि तिचं नाव ठेवलं 'बाणगंगा'. गोव्यातले लोक विचारायचे, मुंबईची का? मी सांगायचे, भूमची. आमची नदी वर्षातले निम्म्याहून जास्त महिने कोरडी असते. तिच्या नावाला तरी एकदा पोटभर पाणी दाखवावं असं माझ्या मनात होतं.

बेत होता गोव्याहून निघून, विषुववृत्त ओलांडून सेशेल्स बेटांवर पोचायचा. तोही फक्त शिडांच्या बळावर, वाटेत कुणाची मदत न घेता. इंजिन होतं, पण ते बंदरात शिरण्यापुरतं. माझ्याबरोबर शमीम येणार होती. शमीम आमच्याच जिल्ह्यातल्या तामलवाडीची. तिच्या घरी ताडपत्र्या आणि मंडप शिवायचा धंदा, आणि आमच्या कारखान्यात शिडं शिवावीत तर तिनंच. निघायच्या आठवडाभर आधी ती स्कूटरवरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. मी डोक्याला हात लावून बसले होते. आण्णा दारात उभे राहून म्हणाले, "म्या हाय की."

तुम्हाला वाटेल, बापाची हौस. तसं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात ते गोव्याला माझ्याकडं येऊन राहायचे, आणि किनाऱ्यालगतच्या फेऱ्यांत त्यांनी सुकाणू इतकं आपलंसं केलं होतं की मी निर्धास्त झोपायचे. वारा आणि घाटातला ट्रक, दोघांचाही अंदाज आधीच घ्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. एकच अट त्यांनी स्वतःहून घातली. बोटीवर मी कप्तान, ते खलाशी. जमिनीवरचं नातं जमिनीवर. शमीमने प्लास्टर बांधलेला हात उंच करून निरोप दिला आणि ओरडून सांगितलं, "चाचा, फिकर नको. शीड मैंने दोन बार शिवेली है."

पहिले काही दिवस ईशान्येचा वारा इतका गुणी होता की मला संशय यायला लागला. मागून डाव्या अंगाने वारा, शिडं भरलेली, बोट आपली चालली आहे. आण्णांना मात्र पहिल्या दुपारीच समुद्र लागला. ज्या माणसाने ओकणाऱ्या प्रवाशांना चार दशकं खिडकीकडं बसवलं तो स्वतः कठड्यावर ओणवा झाला आणि मान वर करून म्हणाला, "मागच्या सीटवर बसलं की असंच व्हतंय." मी त्यांना सुकाणूवर आणून बसवलं. तासाभरात गडी खडखडीत बरा.

जेवण आईने बांधून दिलेलं. ज्वारीची कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, महिना महिना टिकणारी), शेंगाची चटणी, काळा मसाला आणि कुंथलगिरीचा पेढा. बोटीवर खायला याहून सोयीचं अन्न जगात कुणी शोधलं असेल असं मला वाटत नाही. उडते मासे आपण होऊन डेकवर येऊन पडायचे. आण्णा ते काळ्या मसाल्यात तळायचे आणि दर वेळी म्हणायचे की बाजाराला न जाता कालवण हे आयुष्यात पहिल्यांदा.

एकदा एक मोठं मालवाहू जहाज आमच्या बरंच जवळून गेलं. त्यावरच्या अधिकाऱ्याने रेडिओवर आमचं नाव, गाव विचारलं. मी इंग्रजीत सांगत होते. आण्णा शेजारून म्हणाले, "भूम सांग. जिल्हा धाराशिव सांग." मी सांगितलं. पलीकडचा माणूस कुठल्या तरी थंड देशातला असावा. त्याने 'भूम' हा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि आम्हाला शुभेच्छा दिल्या. दिवसभर आण्णांची छाती फुगलेली होती. माझीही होती, खोटं कशाला बोलू.

मग हवा फिरली. एका दुपारी पश्चिमेकडून करडी भिंत उभी राहिली आणि काही समजायच्या आत वारा उलटा होऊन अंगावर आला. मी डोलकाठीशी जाऊन मोठं शीड निम्म्याहून आखूड केलं. आण्णा सुकाणू धरून बसले होते. लाटा समोरून येत, बोट उचलत आणि खाली टाकत. एका लाटेने स्वयंपाकाचा कोनाडा पार धुऊन काढला, डब्यातले पेढे पाण्यात गेले, डबा तेवढा राहिला. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आण्णांच्या तळहातांना फोड आले होते. ते म्हणाले, "गाडी रस्ता सोडत न्हवती. चांगली बांदलीस." कारखान्यात माझ्या कामाचं कौतुक पुष्कळ झालं होतं. पण हे एक वाक्य मी त्या दिवशी तीन-चार वेळा मनात घोळवलं.

विषुववृत्ताजवळ गेलो तसं सगळंच बदललं. भूगोलाच्या पुस्तकात 'विषुववृत्तीय शांत पट्टा' म्हणून एक ओळ असते. शाळेत मी ती पाठ केली होती, आता तिच्यात राहायला आले होते. वारा नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. शिडं डोलकाठीला थपथप आपटत राहतात, आणि तो आवाज ऐकून माणसाचं डोकं उठतं. चारी बाजूंना काळे ढग उभे असतात, त्यांच्याखाली पाऊस पडताना दिसतो, पण तो आपल्याकडं येईलच याचा नेम नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं पिण्याचं पाणी दोन ठिकाणी होतं. थोडं बोटीच्या पोटातल्या टाकीत आणि बरंचसं डेकवर बांधलेल्या कॅनमध्ये. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. त्याऐवजी शमीमने एक ताडपत्री शिवून दिली होती. मधे भोक, भोकाला नळी. पाऊस आला की ती ताणून बांधायची आणि नळी कॅनमध्ये सोडायची.

त्या दुपारी माझी पाळी संपवून मी खाली झोपले होते. जाग आली ती छपरावरच्या पावसाच्या आवाजाने. मोठा पाऊस होता. मी वर आले तोवर तो थांबलाही होता. फर्लांगभर अंतरावर तोच पाऊस समुद्रावर धो धो पडत होता, आणि आमच्या डेकवर आण्णा चिंब भिजून उभे होते. त्यांच्या पुढ्यात सगळे कॅन ओळीने मांडलेले, झाकणं उघडी. सगळे रिकामे. एकात तेवढं तळाशी बोटभर खारट, मचूळ पाणी.

काय झालं ते समजायला मला कुणी सांगावं लागलं नाही. भूमची मुलगी आहे मी. आमच्याकडं नळ आठवड्याने येतो, कधी दहा दिवसांनी. नळाला पाणी आलं अशी आरोळी उठली की घरोघरी पहिलं काम एकच असतं. रांजण, हंडे, घागरी पालथ्या करायच्या आणि शिळं पाणी ओतून द्यायचं. भांडी आधी रिकामी करून ओळीने लावली नाहीत तर नळ जायचा आणि आठवडाभर बोंब. आण्णांनी समोरून येणारा ढग बघितला आणि हात आपोआप कॅनकडं गेले. उन्हात तापलेलं, प्लास्टिकच्या वासाचं ते पाणी त्यांनी समुद्रात ओतलं. सगळं रिकामं होईस्तोवर पाऊस पुढे निघून गेला होता.

"मला उठवायचं तरी होतं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदा आण्णांवर चढला असेल.

ते खाली बघत म्हणाले, "आत्ताच तर झोपली हुतीस. म्हनलं, भरून ठिवावं आन् मग उठवावं."

मी बोटीच्या पुढच्या टोकावर जाऊन बसले. राग होता, भीतीही होती, आणि दोन्ही गिळायला थोडा वेळ लागला. शिळं पाणी आमच्या घरात चालत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी आमच्या माणसांनी विहिरीला हात लावायचा नाही अशी रीत होती. काठावर बसून वाट बघायची. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, तेही त्यांच्या घागरी भरल्यावर उरलेलं. पुढे आमच्या दारात आमचा नळ आला तेव्हा आजीने नियमच केला की या घरात कालचं आणि उरलेलं पाणी कुणी पिणार नाही, पाहुण्याला तर मुळीच द्यायचं नाही. आण्णा त्या नियमात वाढले. त्यांच्या हातांनी समुद्राच्या मध्यावरही तो पाळला. हे आठवल्यावर मला त्यांच्यावर रागावून राहता येईना.

मी परत आले, टाकीत काठी घालून पाणी मोजलं आणि नकाशा पसरला. मालदीवची बेटं आमच्या पूर्वेला होती. तिकडं वळलो तर प्रवाह उलटा, आणि प्रवास तिथंच संपला असता. सरळ पुढं गेलो तर टाकीतलं पाणी पुरण्याची शक्यता होती. शक्यता, खात्री नाही.

आण्णांनी नकाशातल्या मालदीववर बोट टेकवलं. मग म्हणाले, "कप्तान, मला मालदीवला उतरवा. एका मान्साला हे पानी पुरतंय. तुमी एकट्या जाताल. म्या बघितलंय तुमाला."

मुलीला त्यांनी 'तुमी' म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ज्या माणसाने एकाही प्रवाशाला वाटेत उतरवलं नाही तो मला म्हणत होता की मला उतरवा. हे त्याला किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. माझे डोळे भरून आले, पण कप्तानाने खलाशासमोर रडू नये, म्हणून मी नकाशावर वाकले.

"पुढंच जायचं," मी म्हणाले. "दोघांनी. दोन दिवसांत वारा किंवा पाऊस आला नाही तर रेडिओवर जहाजांना हाक मारू. तेव्हा मी मानापमान बघणार नाही. तोपर्यंत पाणी तुमच्या ताब्यात."

"माज्या?"

"गाडीत कंडक्टर नको का?"

त्या दिवसापासून आण्णांनी पाण्याचा जो कारभार केला तो मी कधी विसरणार नाही. भूमच्या उन्हाळ्यात आम्ही घमेल्यात बसून अंघोळ करायचो. त्याच पाण्यात कपडे भिजायचे आणि शेवटी तेच कढीपत्त्याच्या झाडाला जायचं. ती सगळी विद्या त्यांनी बोटीवर आणली. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची. भातात तिसरा हिस्सा समुद्राचं पाणी, म्हणजे मीठही वाचलं. चहा बंद. हा चहा बंद करणारा माणूस आयुष्यभर चहाशिवाय स्टँड ओलांडत नव्हता. पाणी प्यायची वेळ झाली की एक घंटा वाजायची. मग वाटीने पाणी मिळायचं, आणि घोट तोंडात धरून हळू गिळायचा अशी सूचना. पहिली वाटी मला. त्यांची वाटी माझ्यापेक्षा कमी भरलेली असते हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वाट्या बदलल्या. ते म्हणाले, हिशेब बिघडतो. मी म्हणाले, हा कप्तानाचा हुकूम आहे. त्यांनी भरलेली वाटी घेतली.

सॅटेलाइट फोनवर शमीमला हवामान विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नैऋत्येला ढगांची मोठी रांग आहे, आणि चाचांना सांग, माझी अम्मी पण हेच करती. मी ते आण्णांना सांगितलं. त्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

ढगांची रांग आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मी खाली होते. वर एक घंटा झाली. पाण्याची वेळ नव्हती, म्हणून मी धावत वर गेले. नैऋत्येचं आकाश शाईसारखं झालं होतं. आण्णांनी ताडपत्री ताणून बांधली होती. रिकामे कॅन मांडले होते. टाकीच्या झाकणाला मात्र हात लावला नव्हता. दोन्ही हात मागे घेऊन ते माझ्या तोंडाकडं बघत उभे होते.

पाऊस आला आणि ताडपत्रीच्या नळीतून जोराची धार सुरू झाली. मी म्हणाले, पहिलं पाणी ओतून द्या. शिडांवर, ताडपत्रीवर इतक्या दिवसांचं मीठ बसलेलं असतं. पहिल्या पावसाने ते धुऊन निघतं आणि सगळं त्या धारेत उतरतं. आण्णांचा हात नळीवर होता, पण हलेना. तहानलेल्या माणसासमोर पाणी वाहतंय आणि त्याने ते सोडून द्यायचं. त्यातून ज्याने कालपरवाच ओतून दिलं होतं त्याने.

"ओता, आण्णा."

त्यांनी धारेखाली बोट धरलं, चाटलं, तोंड वाकडं केलं आणि नळी समुद्रात सोडली. आम्ही दोघं ते पाणी जाताना बघत होतो. पाऊस आज थांबू नये एवढंच मनात होतं. थोड्या वेळाने मी ओंजळ धरून चव घेतली. अजून खारट. पुन्हा थांबलो. आण्णा ढगाकडं एकटक बघत होते. तिसऱ्यांदा चव घेतली, आणि ते गोड होतं.

मी घंटेची दोरी दोनदा ओढली.

आण्णांनी नळी कॅनमध्ये घातली. एक कॅन भरला, दुसरा भरला. पाऊस पडतच होता. सगळे कॅन भरले, भाताचं पातेलं भरलं, पेढ्याचा रिकामा डबा भरला, आणि तरी पडत होता तेव्हा आण्णांनी सदरा काढला आणि साबण लावून अंघोळ केली. माझ्याकडं पाठ करून ते रडतही असावेत. पावसात कळत नाही. मी मात्र उघड रडले. तेव्हा खलाशाचं लक्ष नव्हतं.

त्या पावसाच्या मागोमाग वारा आला. विषुववृत्त आम्ही दुसऱ्या दिवशी ओलांडलं. तिथं काही रेघ मारलेली नसते, यंत्रावरचे आकडे शून्य होऊन पुन्हा चढायला लागतात, एवढंच. आण्णांनी चहा केला. पूर्ण कप, पातळ नाही. त्याची चव मला अजून आठवते.

सेशेल्सचं माहे बेट पहाटे दिसलं. समुद्रातून सरळ वर आलेला हिरवागार डोंगर, माथ्यावर ढग. धाराशिवच्या माणसाला एवढा हिरवा रंग खराच वाटत नाही. बंदरात शिरल्यावर तपासणीला एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई बोटीवर आली. कप्तान कोण, असं तिने आण्णांकडं बघून विचारलं. आण्णांना इंग्रजी तेवढं कळतं. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडं दाखवलं आणि पुढं मराठीत सांगितलं, "ह्या. म्या खलाशी." बाईला मराठी येत नव्हती. पण तिने पुढं होऊन माझ्याशी हात मिळवला आणि क्रिओल भाषेत (तिथली लोकभाषा, फ्रेंचच्या वळणाची) काहीतरी म्हणाली. मग इंग्रजीत सांगितलं की तिचे वडील मच्छीमार होते आणि त्यांनी तिला कधी सुकाणूला हात लावू दिला नाही.

बंदराजवळच्या टपरीवर आम्ही निखाऱ्यावर भाजलेला मासा आणि फ्रियापें (निरफणस, तिथं तो बटाट्यासारखा भाजून किंवा तळून खातात) खाल्लं. टपरीवाल्याने न मागता बर्फाचं पाणी आणून ठेवलं, भला मोठा जग. आण्णांनी ग्लास भरला, अर्धा प्याले, आणि उरलेल्या अर्ध्याकडं बघत बसले. टपरीवाला जुनं पाणी ओतून ताजं भरायला आला, तर त्यांनी ग्लासवर हात ठेवला. त्याला वाटलं, पाण्यात काही पडलं की काय. मी समजावलं, काही नाही, सावकाश पितात.

बोट तिथंच एका धक्क्यावर ठेवली आणि आम्ही विमानाने परतलो. पुढच्या हंगामात शमीम आणि मी ती परत आणू. मुंबईहून रात्रीची एसटी धरली. गाडी बार्शी सोडून भूमच्या रस्त्याला लागली तशी आण्णांनी खिडकीतून एकेक गाव मोजायला सुरुवात केली.

स्टँडवर उतरलो तर मंडप. आगारातल्या जुन्या चालक-वाहकांनी सत्काराचा घाट घातला होता. दोन खुर्च्या, हार, लाऊडस्पीकर, आणि बस पकडायची सोडून थांबलेली माणसं. शमीम तामलवाडीहून आली होती, हात मोकळा झाला होता. ओळखीचे, अनोळखी लोक येऊन "जयभीम ताई" म्हणत हात मिळवत होते. आई पहिल्या रांगेत, नव्या साडीत, तोंडावर पदर धरून बसली होती. माझ्याबद्दल बोलणाऱ्यांनी मला पार आभाळाला नेऊन टेकवलं. वादळाचं वर्णन तर असं झालं की मलाच भीती वाटली.

मग आण्णांना बोलायला उभं केलं. वाटेत मी ठरवून ठेवलं होतं की कॅनची गोष्ट आपल्या दोघांतच राहील. त्यांनाही तसं सांगितलं होतं. आण्णांनी माइक हातात घेतला, टकटक करून बघितला.

"तुमी सगळे मला वळखता," ते म्हणाले. "म्या एका बी पॅशिंजराला वाटंत उतरवलं न्हाय, हे तुमाला सांगून सांगून तुमचे कान किटले आसतील. आता दुसरं सांगतो. समिंदराच्या मदोमद म्या आमचं पेयाचं पानी वतून दिलं. शिळं म्हनून. ढग दिसला, हात गेला. समद्यांचा गेला आसता, व्हय का न्हाय?" मंडपात बायकांमध्ये हसू फुटलं. आई हसली नाही. "म्या म्हनलं, माजी चूक हाय, मला उतरवा. उतरवायला जागा बी हुती." त्यांनी माझ्याकडं हात केला. माइकमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हिनं मला वाटंत उतरवलं न्हाय. बास, एवढंच."

ते खाली बसले.  मागून कुणा जुन्या वाहकाने खिशातली शिटी वाजवली आणि मग सगळा स्टँड टाळ्यांनी वाजला. मी आजवर पुष्कळ ढाली आणि प्रमाणपत्रं घेतली आहेत. बापाच्या तोंडून, त्याच्या स्वतःच्या मापाने मोजून मिळालेलं हे एकच आहे, आणि ते मला कुणाला दाखवता येत नाही. म्हणून लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरोळी उठली, नळ आला. आईने सवयीने रांजणाला हात घातला आणि थबकली. कालचा माइकवरचा सगळा प्रसंग तिच्या डोळ्यांसमोर आला असणार. तिने आण्णांकडं बघितलं. मला वाटलं आता भाषण होणार, पाणी वाया घालवू नये वगैरे. आण्णा मात्र रिकामा हंडा घेऊन बाहेर गेले, तोटी उघडली आणि धारेखाली हात धरून उभे राहिले. आधी हवा आली, मग गढूळ, मग धार. ते तसेच उभे. धार स्थिर झाली, पाणी स्वच्छ झालं, तेव्हा त्यांनी ओंजळ भरून चव घेतली.

मग बोटातल्या अंगठीने हंड्यावर दोनदा ठोकलं, आणि आईने रांजण कढीपत्त्याच्या बुडाशी पालथा केला.